उसानं अडवलेलं ऊन

सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यात ऊस येण्याआधी ऊन अडवायचं काम मातीकडे होतं. अकलूज, वेळापूर, महाळुंग, नातेपुते इथली जुनी घरं माळवदाची. भिंती मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या, हात-दीड हात रुंद. त्यांवर लिंबा-बाभळीच्या तुळया, तुळयांवर किलचान, किलचानावर पाल्याचा थर आणि सगळ्यात वर गावच्या पांढरीतली माती, वीत-दीड वीत जाडीची. उजेड आत यावा, धूर बाहेर जावा म्हणून माळवदात एक सानं ठेवलेलं असे. मिरगाच्या तोंडावर घरधनी वर चढायचा, पाणी कुठे मुरतं ते पाहायचा आणि नवी पांढरी माती टाकून माळवद चोपून घ्यायचा.

या घराचं गणित वेळेवर चालायचं. माती उष्णता पुरती अडवत नाही, तिला उशीर करायला लावते. भर दुपारी वरचा थर तापला तरी ती धग आतल्या माणसापर्यंत उतरेतो दिवस कलायचा. तोवर घरातली माणसं अंथरूण घेऊन माळवदावर गेलेली असत. वर्षाला जेमतेम 500 ते 550 मिलिमीटर पाऊस आणि एप्रिल-मेमध्ये 40 अंशांच्या पुढे जाणारा पारा, अशा मुलखात हे घर शतकानुशतकं टिकलं ते त्यामुळेच.

पण माळवदाला लाकूड लागतं, रुंद भिंती लागतात, जागा लागते. ज्याच्याकडे हे नव्हतं तो सपारात राहायचा. तुराट्यांचा कूड, त्याला आतून-बाहेरून शेणमातीचं लिंपण आणि वर गवताचं किंवा जोंधळ्याच्या ताटांचं छप्पर. दुष्काळी वर्षात हीच ताटं जनावरांच्या तोंडी जायची. छप्पर की कडबा, हा प्रश्न कुटुंबाला अशा वर्षी पडायचा.

हे चित्र पालटलं ते पाटाच्या पाण्यानं. भाटघरचं मोठं धरण 1928 च्या सुमारास पुरं झालं आणि नीरा उजव्या कालव्यानं माळशिरसच्या कोरड्या रानात पाणी आणलं. सासवडकडचे माळी शेतकरी इकडे उतरले, त्यांनी जमिनी घेतल्या, ऊस लावला आणि गुळावर न थांबता 1932 साली स्वतःच्या भांडवलावर सासवड माळी शुगर फॅक्टरी उभी केली. तिच्याभोवती वसलं ते माळीनगर. पाठोपाठ 1934 साली चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली. तिचा कारखाना श्रीपूरला. नीरेच्या पलीकडे इंदापूर तालुक्यात वालचंदनगर. स्वातंत्र्यानंतर सहकाराचं युग आलं आणि शंकरराव मोहिते-पाटील यांच्या पुढाकारानं अकलूजलाही सहकारी साखर कारखाना झाला. आज सोलापूर हा राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने असलेला जिल्हा आहे.

साखरेचा हा इतिहास वारंवार लिहिला गेला आहे. त्याच्या कडेनं घडलेली एक गोष्ट मात्र दुर्लक्षित राहिली. ऊस आला तसं या भागात पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, आलं, हेक्टरी 8 ते 10 टन. छपराला लागणारं सामान पहिल्यांदाच दुष्काळातही फुकट आणि मुबलक मिळू लागलं. हिरवं वाढं जनावराला, रस काढून उरलेलं चिपाड गुऱ्हाळाच्या चुलवणाला आणि पाचट छपराला, अशी वाटणी ठरून गेली.

पाचटाचं सपार शाकारणं हे जाणत्याचं काम. पाचट आधी झाडून घ्यायचं, कुजकं आणि बारीक बाजूला काढायचं. लांब पानांच्या मुठी बांधून त्या वळचणीपासून आढ्याकडे चढवत न्यायच्या, वरच्या मुठीचा शेंडा खालच्या मुठीच्या बांधावर येईल अशा. मग बांबूच्या कामट्या आडव्या टाकून सुतळीनं आवळायचं. आवळणं जास्त झालं तर थर चेपतो आणि घर तापतं. कमी झालं तर वाऱ्याला सापडतं. उतार चांगला ठेवला तर पाणी पानावरून पानावर घरंगळत वळचणीला येतं. दोन-तीन वर्षांनी छप्पर पुन्हा शाकारावं लागतं. उंदीर, वाळवी आणि आग हे त्याचे कायमचे वैरी.

या छपरात ऊन अडतं ते पानापेक्षा पानांमधल्या हवेमुळे. अडकून पडलेली, न हलणारी हवा उष्णता फार थोडी वाहून नेते. शास्त्रज्ञ हे वॉट प्रति मीटर-केल्विन या एककात मोजतात. स्थिर हवेचा आकडा 0.026 च्या आसपास, वनस्पतीच्या तंतूंच्या हलक्या फळीचा 0.05 च्या आसपास, काँक्रीटचा एकाच्या वर आणि पोलादाचा पन्नासच्या घरात. म्हणून फार आवळू नका, हा शाकारणाऱ्याचा सल्ला शास्त्राला धरून होता. थर चेपला की हवा जाते आणि हवा गेली की छपराचा गुण जातो.

मग पत्रा आला. पन्हाळी पत्र्याची कल्पना 1829 साली लंडनच्या हेन्री रॉबिन्सन पामर यांनी मांडली होती. माळशिरसच्या वस्त्यांवर तो पसरायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. त्याची बाजू खोटी नव्हती. पत्रा पेटत नाही, गळत नाही, दर दोन-तीन वर्षांनी शाकारावा लागत नाही, त्यात साप राहत नाही. आगीत सपार गमावलेल्या घराला त्याचं मोल विचारावं. पण पोलादाचा तो आकडा दुपारी बारा वाजता घरातल्या प्रत्येकाला अंगावर कळतो. उन्हातला उघडा पत्रा साठ अंशांच्या वर सहज जातो आणि ती सगळी धग खाली फेकतो. म्हणून पत्र्याच्या घरावर उन्हाळ्यात पाचट, कडबा किंवा तुराट्या पसरून वर दगड ठेवायची रीत पडली. जे छप्पर काढून पत्रा बसवला, तेच छप्पर लोकांनी पत्र्याच्या डोक्यावर परत नेऊन ठेवलं.

उसापासून ऊन अडवण्याचा पक्का धंदा तोवर जगात दुसरीकडे उभा राहिला होता. अमेरिकेत लुइझियाना राज्यात, न्यू ऑर्लिन्सजवळच्या मरेरो इथं 1920 च्या दशकाच्या सुरवातीला सेलोटेक्स कंपनीनं चिपाडाच्या फळ्यांचा कारखाना काढला. ब्रोर डालबर्ग हे तिचे सूत्रधार. चिपाड शिजवायचं, धुवायचं, तंतू मोकळे करायचे, पाण्यातून त्यांचा लगदा रुंद पट्ट्यावर पसरायचा आणि वाळवायचा. निघालेली फळी हलकी, सच्छिद्र, आतून हवेनं भरलेली. भिंती-छतांच्या आतून बसवायची उष्णतारोधक फळी म्हणून ती लाखो घरांत गेली. म्हणजे पाचटाच्या सपाराचंच तत्त्व, फक्त यंत्रानं एकसारखं केलेलं.

हवाई बेटांवर हिलो इथं 1932 ते 1963 या काळात अशीच फळी बनत होती. तिचं नाव कॅनेक. तिथल्या घरांची छतंच्या छतं तिनं मढवली गेली. मात्र वाळवी लागू नये म्हणून फळीत आर्सेनिकची संयुगं मिसळली होती. आजही हवाईत जुन्या घराच्या छताला हात लावण्याआधी त्याबद्दल सावध केलं जातं. वनस्पतीपासून बनलं म्हणजे निर्धोक, असं मानणाऱ्यांनी कॅनेकची ही कथा लक्षात ठेवायला हवी. छपराचे जुने वैरी, वाळवी आणि आग, कारखान्यातल्या मालालाही सोडत नाहीत. त्यांचा बंदोबस्त कशानं केला, यावर मालाची खरी किंमत ठरते.

हा धागा फिरत फिरत अकलूजच्या अगदी शेजारी येऊन पोचला. वेळापूर हे अर्धनारीनटेश्वराच्या यादवकालीन देवळासाठी आणि ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या मुक्कामासाठी ओळखलं जाणारं गाव. तिथं ईकोबोर्ड इंडस्ट्रीज या पुण्याच्या कंपनीनं 1990 च्या दशकात चिपाडापासून पार्टिकल बोर्ड बनवण्याचा कारखाना चालवला. जंगल न तोडता लाकडाची फळी, आणि कच्चा माल आसपासच्या कारखान्यांच्या अंगणातला. कल्पना उत्तम होती.

चिपाडाची फळी करणं दिसतं तितकं सरळ नाही. चिपाडात दोन जिन्नस असतात: कांड्याच्या सालीकडचे चिवट तंतू आणि आतला भुसभुशीत गर. गर पाणी पितो, डिंकही पितो आणि फळी कमजोर करतो, म्हणून तो आधी चाळून वेगळा काढावा लागतो. दुसरी अडचण हंगामाची. ऊस गाळला जातो दिवाळीच्या सुमारापासून एप्रिलपर्यंत. फळीचा कारखाना मात्र बारा महिने चालला तरच परवडतो. त्यामुळे डोंगराएवढं चिपाड साठवावं लागतं. त्यात उरलेली साखर आंबते, गंजीच्या पोटात उष्णता साठते आणि उन्हाळ्यात एका ठिणगीचं निमित्त पुरतं.

वेळापूरच्या आणि मरेरोच्या फळीत एक मूलभूत फरकही आहे. पार्टिकल बोर्ड दाबून दाट करतात, कारण त्याची कपाटं, टेबलं आणि पार्टिशनं व्हायची असतात. सेलोटेक्स विरळ ठेवलं जाई, कारण त्याला ऊन अडवायचं होतं. एकच चिपाड दाबलं तर फर्निचर आणि सैल ठेवलं तर सावली. महाराष्ट्रानं यातलं पहिलं निवडलं. बाजार तिकडे होता, हे कारण समजण्यासारखं आहे. पण 40 अंशांच्या मुलखात उसाची सैल, उष्णतारोधक फळी घराघरात पोचली नाही, ही हातची गेलेली संधी म्हणायला हवी.

पुढे चिपाडालाच दुसरं गिऱ्हाईक मिळालं. शंभर टन ऊस गाळला की 28 ते 30 टन चिपाड निघतं. रोज 5,000 टन गाळणाऱ्या कारखान्यात ते दिवसाला 1,400 टनांच्या घरात जातं. पूर्वी कारखाना त्यातलं बॉयलरला लागेल तेवढं जाळायचा आणि उरलेलं कुठे घालावं ही चिंता असायची. 2000 नंतर सहवीजनिर्मिती वाढली. जास्त दाबाचे बॉयलर बसले, वीज विकता येऊ लागली आणि चिपाडाला विजेचा भाव आला. कागद, फळी किंवा छत यांच्यासाठी ते मागणाऱ्याला आता बॉयलरशी स्पर्धा करावी लागते.

पत्र्यासारखाच छपरावर येऊन बसलेल्या कागदाकडे आता वळू. गावाकडे प्लॅस्टिकच्या फिल्मला कागदच म्हणतात: शेततळ्याचा कागद, मल्चिंगचा कागद, गंजीवर टाकायचा कागद. इतिहास पाहिला तर पारदर्शक फिल्म आधी वनस्पतीपासूनच बनली. स्वित्झर्लंडच्या जाक ब्रांडेनबर्गर यांनी 1908 च्या सुमारास लाकडाच्या सेल्युलोजपासून सेलोफेन तयार करण्याची वाट काढली. दिवाळीच्या आकाशकंदिलाला लावतात तो रंगीत ‘जिलेटिन पेपर’ मूळचा हाच. पॉलिथिन इंग्लंडात आयसीआयच्या प्रयोगशाळेत हाती लागलं ते 1933 साली, म्हणजे बरंच नंतर. ते स्वस्त होतं, पाण्याला दाद देत नव्हतं आणि सेलोफेन बनवताना लागणारं कार्बन डायसल्फाइडसारखं विषारी रसायन त्याला लागत नव्हतं. त्यानं बाजार जिंकला.

अकलूज परिसरात या जिंकण्याची खूण सर्वांत ठळक दिसते ती गाडीतळावर, ऊसतोड मजुरांच्या मुक्कामाच्या जागी. दर हंगामाला बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव इकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवराबायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. कोयता उतरला की पहिलं काम कोपी उभारण्याचं. बांबूच्या कामट्या कमानीसारख्या वाकवून जमिनीत रोवायच्या, वर चटया टाकायच्या आणि त्यांवर पाचट. ही कोपी बुटकी असते, वाकून आत शिरावं लागतं. पण पाचटाचा थर तिला दुपारच्या उन्हापासून आणि पौषाच्या थंडीपासून सांभाळायचा. गेल्या काही दशकांत पाचटाची जागा निळ्या-काळ्या ताडपत्रीनं आणि मेणकागदानं घेतली. उभारायला सोपं, पुढच्या तळावर गुंडाळून नेता येतं, चुलीच्या ठिणगीची धास्ती थोडी कमी.

पण त्या एकपदरी कागदात हवा अडकत नाही. काळा कागद दुपारी तापतो आणि आतल्या लेकराच्या अंगावर धग सोडतो. रात्री उलटं होतं: पातळ पॉलिथिन अवरक्त किरणांना जवळपास आरपार जाऊ देतं, त्यामुळे आतल्या माणसांची आणि चुलीची ऊब बाहेर निसटते. ज्या कुटुंबानं दिवसभर पाचट सोलून ऊस मोकळा केला, त्याच्या डोक्यावर पाचट नाही. शंभर वर्षांच्या या कथेतली सर्वांत सलणारी गोष्ट हीच आहे.

उष्णता अडवणाऱ्या वनस्पतिजन्य फिल्मवर जगभर चाललेल्या कामाकडे म्हणून अकलूजनं लक्ष द्यायला हवं. कागदाएवढी पातळ फिल्म जाडीच्या जोरावर उष्णता अडवू शकत नाही. तिला दुसऱ्या युक्त्या कराव्या लागतात. पहिली, उन्हाला परतवून लावणं. दुसरी, स्वतःची उष्णता आकाशाकडे सोडून देणं. 8 ते 13 मायक्रॉन लांबीच्या अवरक्त लहरींना वातावरण वाट देतं आणि सेल्युलोजच्या रेणूंमधले बंध नेमके याच लहरी चांगल्या फेकतात. अमेरिकेतल्या मेरिलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 साली ‘सायन्स’ नियतकालिकात हे दाखवून दिलं. त्यांनी लाकडातलं लिग्निन काढून टाकलं, उरलेलं पांढरंशुभ्र सेल्युलोज दाबलं आणि तो तुकडा भर दुपारीसुद्धा भोवतालच्या हवेपेक्षा चारेक अंश थंड राहिला. तिसरी युक्ती सपाराचीच आहे: सूक्ष्म छिद्रांत हवा कोंडून ठेवणारे सेल्युलोजचे एरोजेल.

महाराष्ट्रातही या दिशेनं सामान जमलेलं आहे. माटुंग्याची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, म्हणजे सिरकॉट, 1924 पासून तंतूंवर काम करते. पऱ्हाटीपासून फळ्या करण्याची पद्धत तिनं बसवली आणि नॅनोसेल्युलोजचा प्रायोगिक कारखानाही उभारला. तर साखरेपासून पॉलिलॅक्टिक अॅसिड हे जैवप्लॅस्टिक बनवण्याचं प्रात्यक्षिक केंद्र प्राज इंडस्ट्रीजनं जेजुरीला काढलं. ते ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालं. अकलूजहून जेजुरी काही परकी नाही, आणि त्या केंद्राला लागते तशी साखर तर इथल्या मातीत पिकते.

इथं एक धोक्याची सूचना मात्र द्यायला हवी. पॉलिलॅक्टिक अॅसिड 55 ते 60 अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. सोलापूरच्या उन्हातला पत्रा त्याहून जास्त तापतो. थेट पत्र्यावर अंथरलेली साधी पीएलएची फिल्म एका उन्हाळ्यात वेडीवाकडी होईल. सेल्युलोजला ही अडचण नाही. ते मऊ पडत नाही. त्याला भय पाण्याचं, कारण ते ओल शोषतं. पण ऊसतोडीचा हंगाम जवळजवळ बिनपावसाचा असतो. ओलाव्याचं भय सर्वांत कमी आणि उन्हाथंडीचा त्रास सर्वांत जास्त, असे महिने कोपीच्या वाट्याला येतात. वनस्पतिजन्य फिल्मची पहिली परीक्षा घ्यायला याहून योग्य जागा शोधून सापडणार नाही.

शेतात हा धडा आधीच गिरवला गेला आहे. 1932 पासून चालू असलेल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रानं आणि मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटनं खोडव्यात पाचट न जाळता सरीत आच्छादन करायला शेतकऱ्यांना शिकवलं. हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सुपर फॉस्फेट आणि 10 किलो कुजवणारे जिवाणू टाकले की पाचट हळूहळू मातीत मिसळतं आणि तोवर जमिनीवर ऊन पडू देत नाही. ओल टिकते, तण कमी होतं, पाण्याच्या पाळ्या वाचतात. कारखान्यांच्या शेती खात्यांनी हे बांधावर जाऊन सांगितलं, तेव्हा ते पसरलं. मुळाला सावली हवी हे या भागाला पटलेलं आहे.

मग माणसाच्या डोक्यावरच्या सावलीसाठी नव्या शोधाची वाट कशाला पाहायची? पाचटाचा सैल, वीतभर थर, त्यावर बोटभर हवेची फट ठेवून पांढरी ताडपत्री, आगीच्या बंदोबस्ताला सेल्युलोजच्या उष्णतारोधकात जगभर वापरतात त्या बोरॅक्सचा हात, आणि चूल कोपीबाहेर आडोशाला. एवढ्यानंही आतला फरक मोजता येईल. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालेलं आहे आणि त्याचा निधी गाळलेल्या उसाशी जोडलेला आहे. अकलूज, माळीनगर, श्रीपूर इथल्या कारखान्यांपैकी एकानं तरी येत्या हंगामात गाडीतळावरच्या काही कोप्या अशा शाकाराव्यात, शेजारच्या नुसत्या मेणकागदाच्या कोप्यांत आणि यांत दुपारी-पहाटे तापमापक लावावेत, आणि सिरकॉटसारख्या संस्थेला सेल्युलोजची फिल्म तिथेच तपासायला बोलवावं. निघालेले आकडे पट्टा पडून हंगाम संपायच्या आत टोळ्यांसमोर आणि सभासदांसमोर वाचून दाखवावेत.